जॅक चार्लटन यांचा ‘धसमुसळा’ फुटबॉल : एका आक्षेपाचे परीक्षण

इंग्लंडच्या १९६६च्या विश्वविजेत्या संघातील मध्यबचावपटू आणि १९८६ ते १९९५ या काळात आयर्लंड प्रजासत्ताकाच्या राष्ट्रीय संघाचे व्यवस्थापक असलेले जॅक चार्लटन यांच्याविषयीचे एक मत इतके रुळले आहे की, ते तपासून पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. ब्रिटिश फुटबॉलमध्ये व्यवस्थापक म्हणजे कार्यालयीन कारभारी नव्हे. संघनिवड आणि डावपेच ही त्याचीच जबाबदारी असते. चार्लटन हे चेंडू उडवून लावणारे रांगडे बचावपटू होते, व्यवस्थापक झाल्यावर त्यांनी तोच अडाणी खेळ संघावर लादला, लिअम ब्रॅडीसारख्या कलावंत मध्यरक्षकाची कदर केली नाही आणि जे यश मिळाले ते नशिबाच्या व उसन्या खेळाडूंच्या जोरावर मिळाले, असा हा पूर्वपक्ष आहे. त्यांच्या शैलीवरील टीका आयर्लंडमध्ये इमन डन्फी या माजी खेळाडू-पत्रकाराने हिरिरीने मांडली.

यांतील नशिबाचा मुद्दा सर्वांत दुबळा आहे. १९८८च्या युरोपीय स्पर्धेत आयर्लंडला प्रवेश मिळाला तो स्कॉटलंडने बल्गेरियाला त्यांच्याच मैदानावर हरवल्यामुळे, हे खरे. परंतु बेल्जियम, बल्गेरिया आणि स्कॉटलंड यांच्या गटात शेवटपर्यंत अग्रभागी राहिल्याविना, आणि त्यासाठी ग्लासगोत जाऊन स्कॉटलंडला हरवल्याविना, त्या निकालाचा आयर्लंडला काहीच लाभ झाला नसता. शिवाय पुढे १९९० आणि १९९४ अशा लागोपाठ दोन विश्वचषकांनाही हा संघ पात्र ठरला. ज्या देशाने तोवर एकाही मोठ्या स्पर्धेची अंतिम फेरी पाहिली नव्हती, त्याच्याबाबतीत तीनदा घडलेल्या गोष्टीला योगायोग म्हणता येत नाही. उसन्या खेळाडूंचा आक्षेपही असाच उथळ आहे, कारण आई-वडील किंवा आजी-आजोबा यांच्या नात्याने मिळणारी पात्रता नियमात बसणारी होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी ब्रिटनला जाणाऱ्या देशाने स्थलांतरितांच्या मुलांना परके मानणे हेच विपरीत ठरले असते.

खरा वाद शैलीचा आहे. लांब चेंडू, म्हणजे मधली फळी ओलांडून थेट पुढे मारलेला चेंडू, हा विचारशून्यतेचा पुरावा मानला जातो. चार्लटन यांच्या योजनेत मात्र तो कोठे पडावा हे ठरलेले असे. तो प्रतिस्पर्ध्याच्या फुलबॅकच्या, म्हणजे कडेच्या बचावपटूच्या, पाठीमागे टाकायचा, त्याला स्वतःच्या गोलकडे तोंड करून धावायला लावायचे आणि तो वळण्याआधी दोघातिघांनी त्याला घेरायचे, असा हा डाव होता. १२ जून १९८८ रोजी स्टुटगार्टमध्ये इंग्लंडविरुद्ध झालेला एकमेव गोल या दृष्टीने पाहण्याजोगा आहे : लांब चेंडूने बचावफळी विस्कळीत झाली, दबावाखाली इंग्लंडच्या केनी सॅन्समचा फटका चुकून चेंडू वर उडाला, जॉन ऑल्ड्रिजने तो डोक्याने रे हॉटनकडे दिला आणि हॉटनने हेडरने गोल केला. १९९०मध्ये नेदरलँड्सविरुद्धची बरोबरीही याच जातीची होती. गोलरक्षक पॅकी बॉनरचा लांब फटका, डच बचावपटू व्हॅन आर्लेने घाईत मागे दिलेला चेंडू, डच गोलरक्षकाच्या हातून तो निसटणे आणि तेथे नायल क्विन हजर असणे, ही साखळी कारखान्यातील कामाइतकी नेमकी होती.

बचावपटूला सर्वांत नकोसे काय असते, हे लीड्स युनायटेडसाठी सातशेहून अधिक सामने खेळलेल्या माणसाला ठाऊक होते आणि तेच त्याने प्रतिस्पर्ध्यांवर उलटवले. खेळाडू असतानाही कॉर्नरच्या वेळी ऐन गोलरेषेवर गोलरक्षकासमोर उभे राहून त्याची वाट अडवण्याची त्यांची युक्ती याच बुद्धीची होती. तरीही बचावपटू आपोआप चांगला व्यवस्थापक होतो, असे यातून निघत नाही. १९६६मध्ये त्यांच्या शेजारी खेळलेले बॉबी मूर हे कितीतरी सरस बचावपटू होते, पण साउथएंड युनायटेडमध्ये त्यांना व्यवस्थापक म्हणून यश मिळाले नाही. निर्णायक ठरते ती अनुभवाचे पद्धतीत रूपांतर करण्याची क्षमता, आणि चार्लटन यांच्यापाशी ती आयर्लंडपूर्वीच होती. व्यवस्थापक म्हणून त्यांच्या पहिल्याच हंगामात, १९७३-७४ मध्ये, मिडल्सबरो या इंग्लिश क्लबने दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद १५ गुणांच्या फरकाने जिंकले, आणि तेही विजयाला दोनच गुण मिळत असताना.

पूर्वपक्षातील दोन गोष्टी मात्र मान्य केल्या पाहिजेत. सप्टेंबर १९८९ मध्ये पश्चिम जर्मनीविरुद्ध ब्रॅडीला पूर्वार्धातच मैदानाबाहेर बोलावणे हे डावपेचाच्या दृष्टीने समर्थनीय असले, तरी माणूस म्हणून कठोर होते. दुसरे असे की, प्रतिस्पर्धी स्वतःच मागे ठाण मांडून बसला, तर त्याच्या पाठीमागे जागाच उरत नसे. १९९०मधील इजिप्तविरुद्धची आणि १९९५मधील लिख्टेनस्टाइनविरुद्धची गोलशून्य बरोबरी ही या मर्यादेचीच उदाहरणे होत.

परंतु मर्यादा असणे म्हणजे विचार नसणे नव्हे. राष्ट्रीय संघाच्या व्यवस्थापकाला खेळाडू वर्षातून मोजकेच दिवस मिळतात आणि नाजूक पासांची घडी तेवढ्यात बसत नाही. उपलब्ध वेळ, उपलब्ध माणसे आणि प्रतिस्पर्ध्याची सवय यांचा हिशेब करून चार्लटन यांनी चार दिवसांत शिकवता येईल असा खेळ रचला. १९९०मध्ये पाच सामन्यांत केवळ दोन गोल करून आयर्लंड उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले, हा आकडा टीकाकार दोष म्हणून सांगतात. पण इतक्या तुटपुंज्या भांडवलावर तेथवर पोहोचवणारी योजना देखणी नव्हती असे कोणी म्हटले तर ते मान्य करता येईल, अडाणी होती असे मात्र म्हणता येणार नाही.