बाई, तुमच्याबरोबर कोण आहे?

सरकारी रुग्णालयात समाजसेविकेचं काम करताना हा प्रश्न मी दहा वर्षं रोज विचारत आले. “बरोबर कोण आहे? मिस्टर कुठे आहेत?” तो किती टोचतो, हे स्वतः खाटेवर पडल्यावर कळलं.

गर्भाशयातल्या गाठी काढण्यासाठी मी एका खाजगी रुग्णालयात दाखल झाले होते. राऊंडला आलेल्या डॉक्टरांनी केसपेपर चाळला आणि माझ्या नवऱ्याला सांगितलं, “गाठींबरोबर पिशवीही काढून टाकू. मूल आहेच तुम्हाला. इथे सही करा.” मी जागी होते. भूल अजून दिलेली नव्हती. तरी एम.एस.डब्ल्यू. झालेली, संमतीपत्रावर शिबिरं घेतलेली मी सलाईनच्या हाताकडे बघत गप्प राहिले! अंगावरची साडी गेली, बांगड्या गेल्या, खाटेला नंबर मिळाला की बाईचा आवाजही जातो. नवरा म्हणाला, “तिलाच विचारा,” म्हणून प्रश्न माझ्यापर्यंत आला. पण माझ्या शरीराबद्दल बोलण्याचा हक्क मला नवऱ्याच्या चांगुलपणामुळे का मिळावा? ज्यांचे नवरे असं म्हणत नाहीत त्यांचं काय? ज्यांना नवराच नाही, त्यांचं काय?

मैत्रिणींनो, आपल्या वॉर्डातलं चित्र आठवा. पुरुष आजारी पडला की बायको रात्रंदिवस उशाशी असते. बाई आजारी पडली की तिच्या खाटेखाली तिचंच पोर झोपलेलं असतं. घरी भाकरी कोण थापणार, या काळजीने टाके ओले असतानाच ती घर गाठते. आणि आपण केसपेपरवर लिहितो, ‘रुग्णाने सहकार्य केले नाही.’

कायदा मात्र बाईच्या बाजूने आहे. १९७१च्या गर्भपाताच्या कायद्यात सज्ञान बाईला नवऱ्याची संमती लागत नाही. समीरा कोहली खटल्यात तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय आईच्या संमतीवर काढलं गेलं होतं. जिवावरचा प्रसंग नसताना सज्ञान रुग्णाऐवजी दुसऱ्या कुणाची संमती चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट बजावलं. सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीजवळ सोबतीण राहू द्यावी, असं केंद्र सरकारने २०१६ साली सांगितलं. तरी नवऱ्याच्या सहीसाठी बाईला तिष्ठत ठेवणं आणि सोबतिणीला दाराबाहेर काढणं थांबलेलं नाही.

डॉक्टर म्हणतात, “उद्या नातेवाईक दंगा करतील, मग?” ही भीती खोटी नाही. पण दंग्याच्या भीतीने बाईलाच वगळणं हा कुठला उपाय? नातेवाइकांना जरूर सांगा, पण बाईला आधी सांगा, आणि तिच्या परवानगीने सांगा. नुसता अंगठा उमटवून घेणं म्हणजे संमती नव्हे. तिला तिच्या भाषेत समजलं पाहिजे, आणि ‘नाही’ म्हणायला वेळ मिळाला पाहिजे.

म्हणून प्रत्येक गटाने जवळच्या रुग्णालयात जाऊन तीन गोष्टी मागाव्यात: संमतीपत्र मराठीत वाचून दाखवा; सज्ञान बाईची सही पुरेशी माना; तिने निवडलेल्या सोबतिणीला आत येऊ द्या. आणि ज्या बाईला कुणी नाही, तिच्या खाटेशी आपल्यातली एक आळीपाळीने बसेल, हे आजच ठरवूया.

मी माझा प्रश्न बदलला आहे. आता खाटेजवळ स्टूल ओढून बसते आणि आधी विचारते, “बाई, तुम्हाला काय हवंय?” पहिल्यांदा बहुतेकजणी मागे वळून बघतात. आपल्यालाच विचारलंय, हे त्यांना खरं वाटत नाही.