एक मंदिर, दोन मंडळ्या

गोंदिया हे रुळांच्या आधाराने वाढलेले गाव. मुंबई-हावडा मार्गावरच्या या जंक्शनातून एक फाटा बालाघाटकडे, दुसरा नागभीडमार्गे बल्लारशाकडे जातो. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि बालाघाट व राजनांदगाव सीमेपलीकडे राहिले. माणसांचे येणेजाणे मात्र थांबले नाही. त्यामुळे बाजारात, गिरणीत आणि फलाटावर मराठी व हिंदी शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत.

अशा गावात मूठभर ख्रिस्ती समाजाने दोन भाषांसाठी दोन मंदिरे बांधावीत, ही अपेक्षा व्यर्थ होय. एकाच छपराखाली दोन मंडळ्यांनी उपासना करावी हेच ओघाने येते. वरवर पाहता हा वेळापत्रकाचा प्रश्न आहे. परंतु रविवारची सोयीची वेळ कोणाची, किल्ली कोणाकडे, दानपेटीचा हिशेब कोणापुढे, नाताळची मुख्य उपासना कोणत्या भाषेत, हे विचारू लागताच तो सत्तेचा प्रश्न असल्याचे उघड होते.

हा प्रश्न लोकशाहीबरोबरच आला आहे. रोमन कॅथलिक चर्चमध्ये शतकानुशतके लॅटिन चालली. ती सर्वांनाच सारखी परकी होती. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना उपासनेचे दार उघडले आणि लगेच दुसरा सवाल उभा राहिला: लोकभाषा, पण कोणत्या लोकांची? मुंबईतील अनेक चर्चांनी एकाच रविवारी इंग्रजी, कोकणी व मराठी मिस्सांना वेगवेगळ्या वेळा देऊन वाट काढली. बंगळूरमध्ये मात्र कन्नड व तमिळ भाषकांत वाद अनेक दशके धुमसत राहिला. राज्याची भाषा हीच चर्चची भाषा, असे एक पक्ष म्हणे. येणाऱ्या भाविकांची मातृभाषा पाहा, असे दुसरा. प्रॉटेस्टंट परंपरेत लोकभाषा आरंभापासून होती. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले. पंथांच्या भिंती ओलांडण्याचे ते मोठे पाऊल होते. पण गावोगावच्या मंदिरात भाषेचा न्याय प्रत्येक मंडळीला स्वतःच करावा लागतो.

मातृभाषेतील प्रार्थनेचे मोल याच लोहमार्गाने महाराष्ट्राला शिकवले आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत नारायण वामन टिळकांच्या हाती एका युरोपीय सहप्रवाशाने बायबल ठेवले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे मराठी मंडळ्यांना परक्या चालींच्या जोडीला ओवी-अभंगांच्या वळणाची गीते दिली. ज्या मराठी माणसाला ही गीते प्राणप्रिय आहेत, त्याने हिंदी भाषकाला ‘आमच्या उपासनेत बसा, सगळे समजतेच ना’ असे सांगू नये. समजणे वेगळे आणि दुःखाच्या प्रसंगी तोंडून आपोआप येणारे शब्द वेगळे. जेथे हिंदी मंडळी मोठी असेल, तेथे हाच नियम उलट दिशेने लागू होतो.

ख्रिस्ती मंडळीला यासाठी उत्तर बाहेरून आणावे लागत नाही. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेममधील तंटा नोंदलेला आहे. रोजच्या अन्नवाटपात आपल्या विधवांची उपेक्षा होते, अशी ग्रीक बोलणाऱ्यांनी इब्री बोलणाऱ्यांविरुद्ध तक्रार केली. प्रेषितांनी एकोप्याचा उपदेश करून तक्रार दडपली नाही. सात माणसे निवडून वाटपाचा कारभार त्यांच्या हाती दिला आणि त्या सातांचीही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्या हाती कारभार, असा हा निवाडा होता.

त्याचा आजचा अर्थ सरळ आहे. कारभारी मंडळात दोन्ही भाषकांना स्थान हवे. लहान मंडळीला ते मेहेरबानी म्हणून नव्हे, हक्क म्हणून मिळावे. सोयीची वेळ आलटूनपालटून द्यावी. हिशेब दोन्ही भाषांत वाचावा. सणाच्या संयुक्त उपासनेत वाचन व गीते दोन्ही भाषांतील असावीत; कारण ‘सामायिक भाषा’ म्हणजे बहुधा थोरल्याची भाषा असते. केवळ वेळा वाटून घेण्यातही धोका आहे. एक मंडळी निघाल्यावर दुसरी येते आणि वर्षानुवर्षे एकमेकांची तोंडओळखही होत नाही. दोन उपासनांच्या मधला चहा सामायिक ठेवला, तरी पुष्कळ साधते.

कार्यकर्त्यांनी हा विषय चर्चचा म्हणून बाजूला सारू नये. गोंदिया जिल्ह्यात गोंडी, पोवारी आणि छत्तीसगढी बोलणारे कष्टकरी आहेत. ते सभेला येतात, सतरंजीवर बसतात, शुद्ध मराठीतील ठराव ऐकतात आणि हात वर करतात. त्या ठरावाचा मसुदा त्यांच्या बोलीत कितीदा वाचला गेला, हे प्रत्येक शाखेने आपल्या इतिवृत्तात तपासून पाहावे.