राग 'ऑन' नव्हे, 'विथ'!



गेल्या आठवड्यात वस्तीतील दहावीची एक मुलगी इंग्रजी निबंधाची वही घेऊन आमच्याकडे आली. 'माय टीचर इज अँग्री ऑन मी' या वाक्याखाली लाल रेघ होती. "काका, सगळे शब्द तर बरोबर आहेत. मग चुकलं कुठं?" तिचा प्रश्न रास्त होता. मराठीत राग कोणावर तरी येतो, म्हणून तिने 'वर'चे 'ऑन' केले. आपण सारेच असे करतो.

इंग्रजीत भावना सांगणाऱ्या विशेषणानंतर कोणते प्रीपोझिशन येणार, हे बहुधा ठरलेले असते. आपला मराठी प्रत्यय कधी वाट दाखवतो, तर कधी चकवतो. आईचा अभिमान म्हणजे 'प्राउड ऑफ', कुत्र्याची भीती म्हणजे 'अफ्रेड ऑफ', चुकीची लाज म्हणजे 'अशेम्ड ऑफ'. येथे 'चा-ची'ला 'ऑफ' जुळते. गणितात रस म्हणजे 'इंटरेस्टेड इन'. येथेही जुळते.

आता चकवा पाहा. परीक्षेची काळजी म्हणजे मात्र 'वरीड अबाउट', 'ऑफ' नव्हे. साहेब कामावर खूश, तर 'प्लीज्ड विथ'. माणसावरचा राग 'अँग्री विथ', गोष्टीवरचा 'अँग्री अबाउट'.

कधी एका शब्दाने अर्थच पालटतो. 'हॅपी विथ यू' म्हणजे तुझ्यावर समाधानी. 'हॅपी फॉर यू' म्हणजे तुझे भले झाले याचा आनंद. मैत्रिणीला नोकरी लागली तर दुसरे म्हणावे. आणि पुढे क्रियापद आले तर त्याला 'इंग' लावावे: 'सॉरी फॉर कमिंग लेट'.

उपाय सोपा आहे. सुटा शब्द पाठ करू नका, जोडी पाठ करा. रोज दोन जोड्या देवनागरीत वहीवर लिहा. मग इंग्रजी न शिकलेल्या आईलाही त्या वाचता येतील. तिने 'प्राउड' म्हणावे, मुलाने 'ऑफ' म्हणावे. महिन्याभरात साठ जोड्या होतील. उद्या नोकरीच्या मुलाखतीत 'आय ॲम इंटरेस्टेड इन धिस वर्क' हे वाक्य न अडखळता तोंडी येईल.

आणि चुकलात तरी बोलणे थांबवू नका. त्या मुलीने वही दाखवली, म्हणूनच चूक सुटली.