उजवा हात, डावा हात

तंजावूरच्या दक्षिणेस, पट्टुकोट्टैच्या वाटेवर, ओरत्तनाडु हे गाव आहे. तंजावूरचे भोसले राजे सरफोजी दुसरे यांनी 1802 मध्ये तेथे मुक्तांबेच्या स्मरणार्थ छत्र बांधले. रामेश्वरास जाणाऱ्या यात्रेकरूंस अशा छत्रांत अन्न मिळे, आजाऱ्यांस औषध मिळे आणि मुलांच्या अध्यापनाचीही सोय असे. तेथील पंगतीचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. केळीच्या पानांच्या रांगा मांडल्या आहेत आणि प्रत्येक पानावर उजवा हात चालला आहे. मात्र त्या पंगतीत बसलेल्या दर दहा माणसांपैकी सुमारे एकाचा स्वाभाविक कल डाव्या हाताकडे असला पाहिजे. तो कोण, हे पंगतीकडे पाहून मुळीच ओळखता आले नसते.

या दृश्यातून प्रश्न उभा राहतो. माणसे उजव्या हाताने काम करतात ती शिस्तीमुळे, की स्वभावतः? शास्त्राचे उत्तर असे की, मूळ कल निसर्गाचा आहे. शिस्त त्यावर आपला शिक्का उमटवते. ज्या समाजांनी डाव्या हातावर बंधने घातली नाहीत, तेथेही सुमारे नव्वद टक्के लोक उजवेच आढळतात. निअँडरथल मानवाच्या पुढील दातांवर दगडी हत्याराचे तिरके ओरखडे सापडतात. दातांत धरलेली वस्तू कापताना ते उमटले असावेत. त्यांची दिशा बहुतेक वेळा उजव्या हाताचीच साक्ष देते. गर्भाशयातील मूलही पुष्कळदा उजवाच अंगठा चोखते. त्या वेळी त्याला कोणत्या गुरुजींनी दटावलेले असते?

मग हा कल आला कोठून? कार्लाइल या इंग्रजी लेखकाची कल्पना अशी होती की, हृदय डावीकडे असल्यामुळे योद्ध्याने ढाल डाव्या हाती धरली व तलवार उजव्या हाती घेतली. कल्पना मोठी चित्तवेधक आहे. पण ज्या थोड्या व्यक्तींचे हृदय जन्मतःच उजवीकडे असते, त्याही बहुधा उजव्याच असतात. शिवाय हातघाईच्या लढाईत न उतरलेल्या स्त्रियांनाही हा नियम तितकाच लागू आहे.

मेंदूचा विचार अधिक फलदायी ठरला. उजव्या हातावर मेंदूच्या डाव्या अर्धगोलाचा ताबा असतो, आणि बहुतेकांच्या भाषेचे केंद्रही त्याच अर्धगोलात असते, हे फ्रेंच वैद्य ब्रोका यांनी 1865 मध्ये मांडले. तथापि डावखुऱ्यांपैकीही बहुसंख्यांची भाषा डाव्याच अर्धगोलात असते. तेव्हा हे समीकरण वाटते तितके सरळ नाही. 2021 मध्ये सतरा लाखांहून अधिक व्यक्तींच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी प्रसिद्ध झाली. तीत डावखुरेपणाशी निगडित अशी एकेचाळीस स्थाने आढळली, पण प्रत्येकाचा प्रभाव अत्यल्प. एकरूप जुळ्यांच्या साधारण पाच जोड्यांपैकी एका जोडीत एक भाऊ उजवा व दुसरा डावा निघतो. म्हणजे निसर्गाने फासा उजवीकडे झुकता घडवला आहे. तरी तो प्रत्येक मुलासाठी नव्याने पडतो. डावे दान पडले म्हणजे दोष उत्पन्न झाला, असे होत नाही.

दोष उत्पन्न होतो तो भाषेत. या विषयावरील लेखन मराठीत आणताना मला पदोपदी याचा अनुभव येतो. ‘दक्षिण’ या शब्दात कुशल व अनुकूल हे अर्थ आहेत, तर ‘वाम’ शब्दात वाकडा व प्रतिकूल हे आहेत. विश्वासू सहकाऱ्यास आपण ‘उजवा हात’ म्हणतो आणि एखाद्यास टाळतो तेव्हा त्याला ‘डावलतो’. खुद्द तमिळ देशात ‘वलंगै’ म्हणजे उजव्या हाताच्या व ‘इडंगै’ म्हणजे डाव्या हाताच्या, अशा जातींच्या दोन फळ्या शतकानुशतके होत्या. 1707-08 मध्ये मद्रासच्या रस्त्यांवरून त्यांच्यात मोठा कलह माजला. त्या फळ्यांतील माणसे कोणत्या हाताने कामे करीत, याचा या विभागणीशी काडीचाही संबंध नव्हता. शरीरातील एक साधा भेद मानापमानाचे परिमाण झाला होता, एवढाच त्याचा अर्थ.

हे परिमाण आपल्या शाळांतून अद्याप पुरते गेलेले नाही. मूल डाव्या हाती पेन्सिल धरते आणि कोणीतरी ती काढून उजव्या हाती देते. यावर कोणी म्हणेल, जग उजव्यांसाठी घडवलेले आहे, तेव्हा मुलाने लवकर जुळवून घेतलेले बरे. या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. जेवणात उजवा हात वापरण्याचा रिवाज स्वच्छतेच्या विचाराशी जोडलेला आहे, आणि घरोघरची डावखुरी मुले तो सहज पाळतात. परंतु लेखनाची गोष्ट निराळी. अक्षर वळवण्यास बोटांची जी सूक्ष्म हालचाल लागते, ती नको त्या हातावर लादली तर मुलाचे लक्ष विषयावरून उडून हातावर खिळते. पुष्कळदा त्याला मंद ठरवले जाते, आणि तो अन्याय वर्षानुवर्षे त्याच्या मनात राहतो.

देवनागरी डावीकडून उजवीकडे लिहितात. त्यामुळे डावखुऱ्याचा हात ओल्या शाईवरून फिरतो, ही अडचण खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय सोपा आहे. कागद उजवीकडे थोडा तिरपा ठेवावा, लेखणी टोकापासून किंचित वर धरावी आणि मनगट ओळीच्या खाली राहू द्यावे. बाकावर त्या मुलास डाव्या टोकाला बसवावे, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी त्याचे कोपर भिडणार नाही. यासाठी एक पैसाही खर्च होत नाही.

सरफोजींच्या वैद्यशाळेत नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची चित्रे काढून त्यांच्या नोंदी ठेवीत. त्या तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जतन केलेल्या आहेत. प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे पाहावा, ही त्यामागची दृष्टी. शिक्षकांनी मुलाच्या हाताकडे याच दृष्टीने पाहावे, इतकीच विनंती आहे. त्याचा हात कोणता हे आधी पाहावे, आणि मग त्याच हातात लेखणी द्यावी.