सरकती पाटी आणि 'कॉन्स्ट'चा घोळ

अशोक विजयादशमी जवळ आली की आमच्या नागपुरात वस्तीवस्तीच्या कमानींवर सरकत्या दिव्यांच्या पाट्या झळकू लागतात. डिप्लोमाला शिकणारी आपली मुले प्रोजेक्ट म्हणून हीच पाटी बनवतात. मग बर्डीवरून वेगळी चिप आणली, कंपायलर बदलला, की कालपर्यंत नीट पळणारी अक्षरे आज कचरा होतात. रात्र रात्र जागून मुलगा तारा तपासतो. दोष बहुधा तारेत नसतो.

पाटीला प्रत्येक अक्षराच्या ठिपक्यांचा तक्ता लागतो. सोळा बाय सोळा म्हणजे 256 ठिपके, अर्थात 32 बाइट. काना, मात्रा, जोडाक्षरे धरून शंभर आकृत्या घेतल्या तर 3200 बाइट झाले. अर्दुइनो उनोवरच्या एटीमेगा 328 पी चिपमध्ये कायमची जागा, म्हणजे फ्लॅश, 32 किलोबाइट आहे. पण कामापुरती जागा, म्हणजे रॅम, 2 किलोबाइटच. तक्ता फ्लॅशमध्येच राहिला पाहिजे.

मुलगा तक्त्यापुढे 'कॉन्स्ट' लिहितो आणि निश्चिंत होतो. 'कॉन्स्ट' म्हणजे 'या नावाने इथे काही लिहिणार नाही' एवढेच वचन. वस्तू ठेवायची कुठे, हे सी भाषा सांगत नाही. ते कंपायलरवर असते आणि प्रत्येकाची रीत निराळी. एआरएमवर असा तक्ता सहसा फ्लॅशमध्ये जातो. उनोवर तो सुरुवातीलाच रॅममध्ये उतरवला जातो. तिथे 'प्रोगमेम' लिहावे लागते आणि वाचण्याचीही रीत वेगळी. 8051 साठी कीलच्या कंपायलरला 'कोड' हा शब्द हवा, नाहीतर तक्ता रॅमकडे जातो, आणि मूळ 8051 ची आतली रॅम 128 बाइटच! एसडीसीसीत त्याच शब्दाआधी दोन अधोरेषा लागतात.

कीलची फुकट चाचणी प्रत 2 किलोबाइटच्या पुढे जात नाही, म्हणजे नुसता तक्ताही मावत नाही. पूर्ण प्रत आपल्या घरांना परवडणारी नाही, आणि चोरलेली प्रत वापरणाऱ्याने दुसरे शील आठवावे. एसडीसीसी पूर्ण मोफत आहे. म्हणून ही रीत समजून घेणे आपल्या मुलांना अधिक गरजेचे.

आणखी एक. 'कॉन्स्ट' प्रमाण सी भाषेत 1989 साली आला, त्यामुळे जुन्या धाटणीच्या फंक्शनांत तो नसतो. त्यांना असा तक्ता दिला की कंपायलर इशारा देतो, आणि मुले कास्ट करून त्याचे तोंड बंद करतात. हे आम्हाला मुळीच पसंत नाही. अशा फंक्शनने तक्त्यात लिहिले तर रॅममध्ये अक्षर गुपचूप बिघडते. फ्लॅशवाल्या चिपवर प्रोग्राम जागीच थांबू शकतो. सर्वांत खालच्या, फक्त वाचणाऱ्या फंक्शनपासून 'कॉन्स्ट' लावत वर यावे. वरून सुरू केले तर इशारे संपता संपत नाहीत.

तक्ता कुठे गेला हे मॅप फाइलमध्ये दिसते. उनोच्या फाइलीत त्याच्या नावापुढे 800100 किंवा त्यापुढचा पत्ता असेल, तर तो रॅममध्येच बसला आहे.