शहराचा केर आणि शेताचें खत

शहरांतील केरकचऱ्यापासून केलेलें खत घ्यावें कीं न घ्यावें, हा प्रश्न शहरांच्या आसपास शेती असलेल्या आमच्या अनेक वाचकांपुढें आज उभा आहे. एक पक्ष म्हणतो, शहरानें नेलेलें अन्न खतरूपानें जमिनीस परत मिळत असेल तर नाहीं कां म्हणावें? दुसरा म्हणतो, त्यांत कांचा व प्लास्टिक येतें, तें आपल्या शेतांत कोण पसरील? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. हॉलंड देशांतील एका कंपनीची हकीकत या वादावर चांगला प्रकाश पाडते, म्हणून ती थोडक्यांत देतों.

हॉलंडच्या ईशान्येस ड्रेंथ नांवाचा प्रांत आहे. तेथील जमीन रेताड व निकस. मोठमोठे माळ पडीत होते. इकडे पश्चिमेकडील हेग शहरास आपला केर कोठें टाकावा ही पंचाईत पडली होती. या दोन अडचणींची सांगड घालण्यासाठीं १९२९ सालीं ‘व्हॅम’ ही कंपनी निघाली. नांवाचा अर्थ ‘केर वाहून नेणारी मंडळी’ एवढाच. तिच्या स्थापनेंत पुढाकार सरकारचा होता, तरी स्वरूप भागभांडवलाच्या कंपनीचें होतें. हेगचा केर आगगाडीनें ड्रेंथमधील वाइस्टर गांवीं येई. उंच पुलावरून डबे खालीं रिकामे होत. ढिगांवर पाणी मारून ते कांहीं महिने कुजूं देत. मग यारीनें उकरून व चाळून तें खत शेतीसाठीं विकीत. पुढें इतर शहरांचा केरही तेथें येऊं लागला.

हा उद्योग चालला याचें मुख्य कारण त्या काळचा केर. त्यांत भाजीपाल्याचे अवशेष, राख, कागद, धूळ असेच जिन्नस फार. दुसऱ्या महायुद्धानंतर राहणी बदलली. केरांत प्लास्टिक, कांच व विजेच्या बॅटऱ्या वाढल्या. चाळणीनें मोठे तुकडे निघतात. परंतु शिसें, कॅडमियम अशा जड धातूंचा अंश चाळून निघत नाहीं, आणि एकदां जमिनींत मुरला म्हणजे तो पिढ्यान्‌पिढ्या तेथेंच राहतो. मिश्र केराच्या खताची पत उतरली. ज्याचें खत होऊं शकलें नाहीं त्याचा वाइस्टर येथें डोंगर झाला. हल्लीं त्यावर सायकलींच्या शर्यती होतात. २०२३ सालची युरोपीय अजिंक्यपदाची शर्यत तेथेंच झाली.

यांतून मार्ग निघाला तो कारखान्यांत नव्हे, घराघरांत. १९९४ पासून हॉलंडमधील नगरपालिकांवर भाजीपाला, फळें व बाग यांचा केर निराळा गोळा करण्याचें बंधन आलें. जुनी व्हॅम कंपनी आतां ‘आटेरो’ या नांवानें चालते; २०१४ सालीं ती प्रांत व नगरपालिका यांच्या हातून खासगी भांडवलदारांकडे गेली. निराळ्या गोळा केलेल्या ओल्या केरापासून ती वायु व खत काढते, आणि बाकीच्यापैकीं बराच केर जाळून वीज करते. मालक बदलले, नांव बदललें. नियम मात्र एकच राहिला: जसा केर, तसें खत.

आतां आपल्याकडे पहावें. पुण्याचा केर वर्षानुवर्षें उरुळी देवाची व फुरसुंगी येथें पडत आला. तेथील विहिरींचें पाणी नासलें आणि गांवकऱ्यांस वारंवार गाड्या अडवाव्या लागल्या. यावरून उघड आहे कीं, आम्हांस शहराचें खत नको, असें म्हणून शेतकरी सुटत नाहीं. खत न झालेला केर शेवटीं शिवेवर येऊन पडतोच. तेव्हां नकार देण्यापेक्षां अटी घालून घेणें हाच शहाणपणाचा मार्ग, असें आमचें स्पष्ट मत आहे.

अटी कायद्यांत आहेतच. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखालीं शहरी कंपोस्टास मर्यादा ठरल्या आहेत: एका किलोंत शिसें १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५ व पारा ०.१५ यांहून अधिक नसावा. कर्ब व नत्र यांचें प्रमाण २० च्या आंत असावें. २०१६ च्या घनकचरा नियमांनीं ओला व सुका केर घरींच निराळा करण्याचें बंधन घातलें. उणीव आहे ती हें बजावून मागणाऱ्या गिऱ्हाइकाची.

एकट्या शेतकऱ्यास कंपनी दाद देणार नाहीं. दहा गांवांची सोसायटी मागेल तर द्यावीच लागेल. म्हणून सोसायट्यांनीं तीन गोष्टींचा आग्रह धरावा. खत निराळ्या गोळा केलेल्या ओल्या केराचेंच असावें. प्रत्येक खेपेबरोबर तपासणीचा दाखला यावा. आणि ढिगांतून नमुना काढून आपल्या पसंतीच्या प्रयोगशाळेंत पाठविण्याचा हक्क करारांतच लिहून घ्यावा. बियाणें आपण उगवण पाहून घेतों, बैल दांत पाहून घेतों. मग जें मातींत कायमचें मिसळावयाचें, तें न पाहतां कां घ्यावें? केवळ फुकट किंवा स्वस्त मिळतें म्हणून कोणाचाही ढीग बांधावर उतरवून घेऊं नये. बिघडलेलें पीक पुढील हंगामांत भरून निघेल. बिघडलेली जमीन मात्र मुलांच्या वांट्यास तशीच जाईल.