घड्याळाला हंडा दिसत नाही

मागच्या महिन्यात बहिणीकडे गेलो होतो. दारात चप्पल काढतो न काढतो तोच भाची पुढे आली आणि तिने मनगट माझ्यासमोर धरले. "मामा, हे बघा काय घेतलंय!" काळ्या पट्ट्याचे एक जाडजूड घड्याळ होते. मी म्हटले, "वेळच बघायची तर भिंतीवर घड्याळ आहे की." ती हसली आणि म्हणाली, "हे वेळेसाठी नाही मामा. मी किती पोहले, किती सायकल चालवली, किती धावले, ते सगळं हे सांगतं."

ही मुलगी दिवसा एका कुरिअरच्या कचेरीत काम करते आणि पहाटे ट्रायथलॉनची तयारी करते. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणे, मग सायकल, मग धावणे, आणि हे तिन्ही मध्ये न थांबता. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. ऑलिंपिकचे अंतर १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असे असते. नवख्यांसाठी याच्या निम्मे अंतर असते, म्हणजे ७५० मीटर, २० किलोमीटर आणि ५ किलोमीटर. भाचीची तयारी या छोट्या अंतराची आहे. तलाव महापालिकेचा, सायकल जुनी आणि घड्याळही दुसऱ्याने वापरलेले. पण कर्ज काढलेले नाही, हे मला विशेष आवडले.

आज अनेक घरांत तरुण मुलामुलींना अशा घड्याळाची ओढ लागली आहे. काही हजारांपासून थेट लाखाच्या आसपास त्याच्या किमती जातात. हप्त्याने मिळते म्हणून मुले हट्ट धरतात आणि आईवडील गोंधळतात. म्हणून या घड्याळाला काय कळते आणि काय कळत नाही, हे घरातल्या सगळ्यांनीच समजून घेतलेले बरे.

जीपीएस ही अमेरिकेने उभारलेली उपग्रहांची व्यवस्था आहे. हे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि आपली जागा व अचूक वेळ सतत कळवत असतात. तो संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून घड्याळ प्रत्येक उपग्रहाचे अंतर काढते. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की आपण कुठे आहोत ते त्याला कळते. सामान्य लोकांना मिळणारा संदेश पूर्वी मुद्दाम कमी अचूक ठेवला जात असे. मे २००० मध्ये ते बंद झाले, आणि पुढे ही सोय मनगटावर आली.

मात्र संदेश आकाशातून येतो, त्यामुळे आकाश मोकळे हवे. दोन्ही बाजूंना उंच इमारती असल्या की संदेश भिंतींवर आपटून येतो आणि धावण्याच्या अंतरात फरक पडतो. घराबाहेर पडून लगेच धावायला लागले तरी सुरुवातीचे अंतर चुकते. मिनिटभर उभे राहून घड्याळाला उपग्रह सापडू द्यावेत. जवळ ४०० मीटरचे आखलेले मैदान असेल तर आतल्या पट्टीतून मारलेल्या चार फेऱ्या, म्हणजे १६०० मीटर, हा हिशेब घड्याळापेक्षा पक्का समजावा.

पाण्याची गोष्ट आणखी वेगळी. पाण्याखाली उपग्रहाचा संदेश पोचत नाही. तलावात घड्याळ जीपीएस वापरतच नाही. हात कसे हलतात आणि भिंतीला पाय लावून आपण कधी वळतो, यावरून ते फेऱ्या मोजते आणि फेऱ्यांना तलावाच्या लांबीने गुणते. ही लांबी आपणच त्यात भरायची असते. भाचीची फसगत इथेच झाली. घड्याळ आधी ज्याचे होते तो २५ मीटरच्या तलावात पोहत असे. हिचा तलाव ५० मीटरचा. हिने २० फेऱ्या मारल्या, म्हणजे १००० मीटर पोहली, पण घड्याळ ५०० दाखवी. १०० मीटरला लागणारा वेळ दाखवी दुप्पट. "मला हे जमायचं नाही," असे म्हणून पोर आठवडाभर रडवेली झाली होती. शेवटी तलावावरच्या शिक्षकांनी काठावर उभे राहून फेऱ्या मोजल्या, तेव्हा घोटाळा उघड झाला. यंत्राने आपल्याला मंद ठरवले की आपण लगेच मान्य करतो. आकडा कुठून आला हे आधी विचारायला हवे.

आता हृदयाच्या ठोक्यांचे. घड्याळाच्या पाठीवर बारीक हिरवा उजेड लागतो. कातडीखालच्या रक्ताच्या हालचालीप्रमाणे तो कमीअधिक परत येतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. घड्याळ सैल असेल, सायकलचे हँडल घट्ट धरले असेल, रस्ता खडबडीत असेल, तर हा आकडा चुकतो. मनगटाच्या हाडाच्या जरा वर, हलणार नाही इतपत घट्ट बांधावे. छातीला बांधायचा पट्टा मिळतो, तो सायकलवर आणि धावताना अधिक भरवशाचा. आणि काहीच नसेल तर थांबल्याबरोबर नाडीवर बोटे ठेवावीत, १५ सेकंद ठोके मोजावेत आणि ४ ने गुणावे. याला पैसा लागत नाही.

तीन खेळ करणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेवढेच कष्ट घेतले तरी तिन्ही खेळांत ठोके सारखे पडत नाहीत. धावताना सगळे अंग आपल्याच पायांवर असते, म्हणून ठोके सहसा जास्त. सायकलवर बसलेले असतो, म्हणून थोडे कमी. पोहताना अंग आडवे आणि भोवती गार पाणी, म्हणून बहुधा त्याहूनही कमी. धावण्याचा आकडा पोहण्यात गाठायला गेले तर विनाकारण दमछाक होते. २२० मधून वय वजा करून कमाल ठोके काढायची रीतही ढोबळच आहे. माणसामाणसात दहाबारा ठोक्यांचा फरक सहज असतो.

मग घड्याळाचा उपयोग काय? उपयोग आहे. वाण्याच्या वहीत तेल, तांदूळ, साखर वेगवेगळे लिहिले तरी शेवटी बेरीज एकच होते ना? तसेच हे आहे. तीन खेळ वेगळे, पण थकणारे शरीर एकच. काल सायकल जास्त झाली असेल तर आज धावणे कमी करावे, हे वहीवरून कळते. भाचीलाही त्यातून एक गोष्ट उमगली. सावकाश धावायच्या दिवशीसुद्धा ती जोरात धावत होती. आता त्या दिवशी सोबतिणीशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावते, आणि पोटऱ्यांचे दुखणे थांबले आहे. सायकलवरून उतरून लगेच धावायचे तर पाय शिशाचे होतात. त्याचाही ती आठवड्यातून एकदा सराव करते. बटण दाबले की घड्याळ सायकलचा हिशेब बंद करून धावण्याचा सुरू करते, आणि मधला बूट बदलायचा वेळही वेगळा लिहून ठेवते.

ज्या घरांत मुली पहाटे बाहेर पडतात, त्यांना एक सांगणे आहे. घड्याळातला नकाशा मोबाईलमध्ये जातो आणि तिथून तो कुणालाही दिसू शकतो. रोज कुठून निघालो आणि किती वाजता, हे सगळे त्यात असते. स्ट्राव्हा या ॲपने २०१७ मध्ये जगभरच्या धावण्याच्या वाटांचा नकाशा काढला, आणि २०१८ च्या जानेवारीत लोकांच्या लक्षात आले की त्यात सैन्याचे तळही ओळखू येत आहेत. सैन्याची ही गत, तर आपल्या घराचा दरवाजा किती सहज सापडेल? ॲपमध्ये नकाशा फक्त स्वतःपुरता ठेवायची सोय असते. ती पहिल्याच दिवशी लावून घ्यावी.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे लिहायला बसलो, ती सांगतो. मी तिथे मुक्कामाला होतो त्या पहाटे भाचीचे अंग गरम लागत होते. तरी ती बूट घालत होती. "घड्याळात सलग चाळीस दिवस झालेत मामा, आज खंड पडेल." तिच्या आजीने कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "पोरी, ताप त्या घड्याळाला येत नाही, तुला आलाय." तापात व्यायाम करू नये, हृदयावर ताण येतो, असे डॉक्टरही सांगतात. पोर बसली, पण घड्याळाकडे बघत बसली.

मग मी विचारले, "काल तू काय काय केलंस?" पहाटे पोहली. आठ तास कचेरीत. लोकलमध्ये उभ्याने येणेजाणे. घरी येऊन खालच्या नळावरून तीन हंडे पाणी वर आणले, भाकऱ्या केल्या, मग संध्याकाळी सायकल. घड्याळात फक्त पोहणे आणि सायकल खेळ म्हणून लिहिलेले. जिना चढताना पडलेली पावले त्याने मोजली होती, पण डोक्यावरचा हंडा त्याला दिसला नव्हता. तिचे सरावाचे वेळापत्रक ज्यांनी आखले, त्यांनी सरावानंतर विश्रांती धरली असणार. आपल्या घरांत सरावानंतर दुसरे काम सुरू होते. त्या कष्टाचा हिशेब घड्याळात येत नाही. तो घरच्यांनीच ठेवायला हवा.

रोज सकाळी उठण्यापूर्वी नाडी मोजावी. नेहमीपेक्षा ती बरीच वाढलेली असेल, झोप झाली नसेल, जेवण जात नसेल, तर त्या दिवशी सराव सोडावा. एका दिवसाने तयारी वाया जात नाही. आणि मुलगी खेळते याचा अभिमान वाटत असेल, तर तो शेजाऱ्यांना सांगून भागणार नाही, तिच्या वाटचे काम थोडे उचलावे लागेल.

दुपारी नळाला पाणी आले. भाची उठू लागली तर आजीने तिला हाताने खाली बसवले आणि मोबाईल बघत बसलेल्या नातवाला हाक मारली. त्या दिवशी तिन्ही हंडे त्याने वर आणले. तिसऱ्या हंड्याला तो चांगलाच धापा टाकत होता. भाचीने घड्याळ काढून त्याच्या मनगटाला बांधले आणि म्हणाली, "बघ तरी, किती ठोके पडतात ते."